बाइंडिंगला दिलेले उपदेश

अप्पा बळवंत चौकामागच्या बोळात
मुश्ताक तांबोळी बाड तळहातावर तोलतो,
कसर झटकतो, विचारतो,
कोणाचं हो हे, ताई?

काय सांगू.
अक्षर माझ्या आजोबांचं, शाहूराव उमाप,
नाना पेठेतल्या मिशनच्या शाळेत मास्तर.
शब्द मात्र ओबद्या थर्लोचे.
साडेतीनशे वर्षांपूर्वी, अमेरिकेत,
समुद्राकाठच्या एका लाकडी गावात
बेचाळीस वर्षं तो मंडळीचा पाळक होता
आणि तो हसल्याची कुठे नोंद नाही.

पगार सरपणात मिळायचा.
मंडळी रागावली की ओली लाकडं यायची.
हिवाळ्यात प्रभुभोजनाची भाकर गोठून
ताटलीत खड्यासारखी वाजायची,
आणि तो वाळूचं घड्याळ दुसऱ्यांदा उलटं करून
सांगत राहायचा,
कोण तरणार, कोण नाही,
हे जग व्हायच्या आधीच ठरलंय.
नाताळ पाळला तर पाच शिलिंग दंड.
दंडाचं ते पान आमच्या घरी
करंज्यांच्या तुपाने आरपार दिसायला लागलंय.

'देवाने निवडलेले' असं आजोबांनी लिहिलं,
मोठ्याने वाचून पाहिलं.
उंबऱ्याशी आजी तांदूळ निवडत बसलेली.
सुपातून मान वर न करता म्हणाली,
निवडलेलं म्हणजे कोणतं हो?
मी तर खडेच निवडते.

त्या दिवशी पुढे एक ओळ सरकली नाही.
शाई बदललेली दिसते तिथे.

गावात मर्सी टिल्डन नावाची बाई होती.
तिचं मूल नऊ तास जगलं, बाप्तिस्म्याविना गेलं.
ती विहिरीवर म्हणाली, माझं लेकरू नरकात नाही.
एवढंच म्हणाली. पण विहिरीवर म्हणाली.
थर्लोने वडीलमंडळ बसवलं,
रजिस्टरातल्या तिच्या नावावर आडवी रेघ ओढली.

पुढच्या फेब्रुवारीत त्याला मुलगा झाला.
गुरुवारी झाला, शनिवारी गेला,
आणि बाप्तिस्मा रविवारीच होई.
त्या रविवारी अर्धी वाळू वर असतानाच
तो व्यासपीठावरून उतरला.
'येथे उपदेश संपतो.'
बाकी काही नाही.
त्यानंतर अकरा वर्षं तो तेच सांगत राहिला.
मर्सीची रेघ त्याने पुसली नाही.
गावात म्हणे त्याच्या नावाचा रस्ता आहे.

मूळ इंग्रजी पुस्तक वाळवीने नेलं,
नेमकं ते पान तेवढं राहिलं.
इंग्रजीत काही संशय नाही,
तिला काढून टाकली.
आजोबांच्या मराठीत आहे,
'मर्सी टिल्डन हिला मंडळीतून काढून ठेवली.'

काढून ठेवली,
जशी उशिरा येणाऱ्याची भाकरी
दुरडीत, फडक्याखाली.

चूक असेल.
रॉकेलचा दिवा, शाळेच्या वह्या तपासून झाल्यावरची वेळ.
मिशनच्या साहेबाचं मराठी कच्चं होतं, त्याला कळलं नसेल.
पण आजोबा ऱ्हस्वदीर्घाला छडी मारत,
आणि त्याच ओळीच्या शेजारी, समासात,
पेन्सिलीने, अगदी कडेला, बारीक :
'आमचीही. बुधवार. नाव ठेवायचं राहिलं.'

या आत्याबद्दल मला कोणी कधी बोललं नव्हतं.
आजी तर खडे निवडण्यावर विनोद करायची
म्हणून आम्हाला माहीत होती.

मुश्ताकभाई पानं ठाकठीक करतात,
अंगठ्याने कडा तपासतात,
तिन्ही बाजूंनी मशीन मारतो, म्हणतात,
एकदम सरळ दिसेल, नव्यासारखं.

कडा कापू नका, मी म्हणते.
वाकडं दिसेल ताई.
दिसू दे.

ते पावती फाडतात : बाड एक, कापडी पुठ्ठा, न कापता.
मग पेन थांबवून विचारतात,
पाठीवर सोनेरी नाव घालायचं ना,
कोणाचं घालू?

मी म्हणते, मंगळवारी येऊन सांगते.